अध्यक्षांच्या घरून

लंडनमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बरेच झाले, पण फर्स्ट लेडी एकच. त्या म्हणजे आमच्या काकू. काका अध्यक्ष होते त्या काळात मंडळाचं एक सायक्लोस्टाइल केलेलं पत्र निघायचं. मोजकी पानं, त्यावर शाईचे डाग, पण सगळे ऐटीत त्याला 'आपलं वर्तमानपत्र' म्हणायचे. पहिल्या पानावर काकांचं 'अध्यक्षीय मनोगत' असायचं. ते कोणी वाचत नसे आणि हे काकांनाही माहीत होतं. पोस्टातून पत्र आलं की लोक ते आधी पालथं करायचे, कारण शेवटच्या पानावर काकूंचं सदर असायचं. सदराचं नाव 'भांडी घासता घासता'. खाली काकूंचं नाव नाही, सही नाही. फक्त 'अध्यक्षांच्या घरून' एवढंच.

म्हणून त्यांना फर्स्ट लेडी हे नाव पडलं. आधी चेष्टेत, मग कौतुकानं, आणि पुढे तर माइकवरूनसुद्धा. आपल्याला ते मुळीच आवडायचं नाही असं काकू म्हणतात. माझा विश्वास नाही.

मी या देशात आले तेव्हा ते पत्र बंद पडून मंडळ ईमेलवर आलं होतं आणि काकाही गेले होते. मी फार्मसिस्ट आहे, एजवेअरला एका केमिस्टकडे काम करते. काकू तिथं औषधं न्यायला यायच्या. पहिल्याच दिवशी माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून त्यांनी "कुठली गं तू?" असं जे विचारलं, ते माझ्यासकट दुकानातल्या सगळ्यांनी दचकून ऐकलं. तेव्हापासून त्यांची औषधं मी त्यांच्या घरी पोचवते आणि चहा पिऊन येते. फर्स्ट लेडीचा चहा फार गोड असतो.

अलीकडे काकूंची नजर अधू झाली. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्यामागे पडदा उसवलाय तो बरोबर दिसतो. शेवटी त्यांच्या ग्लासगोच्या डॉक्टर मुलीनं फर्मान काढलं की घर विकायचं आणि आपल्याकडे यायचं. काकूंनी थोडी कुरकुर केली आणि ऐकलं. मग मंडळानं निरोपाचा कार्यक्रम ठरवला. आमची सेक्रेटरी इथंच जन्मलेली, हुशार, आणि एकदा मनात आणलं की कोणाला न ऐकणारी मुलगी आहे. ती म्हणाली, "शाल, बुके आणि स्पीचेस तर सगळेच करतात. आपण काकूचे जुने कॉलम्स स्टेजवर वाचू या ना. मम्मी सांगते ते सुपर फनी होते. मावशी, तू सिलेक्ट कर. माझी जोडाक्षर एकदम बॅड आहे."

मी काकूंना सांगायला गेले. त्या खूश झाल्या, नाही असं नाही. पण लगेच म्हणाल्या, "माझी एक अट आहे. सिस्टर आली पाहिजे. ती येणार नसेल तर कार्यक्रम करू नका. मी अशीच जाईन."

सिस्टर म्हणजे त्यांची जुनी मैत्रीण. नर्स होत्या, म्हणून सगळे सिस्टरच म्हणायचे. मूळच्या नागपूरच्या, बौद्ध घरातल्या. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा सिस्टर त्यांच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. एजवेअरमध्ये मंडळाची दोनच घरं होती त्या काळी, एक काकूंचं आणि एक सिस्टरचं. सिस्टरची नाइट ड्युटी असली की त्यांची मुलं काकूंकडे जेवायची, आणि काकूंच्या मुलीला कांजिण्या झाल्या तेव्हा ती सिस्टरकडे राहिली होती. मग हळूहळू सिस्टर मंडळात येईनाशा झाल्या. पुढे घर विकून लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला गेल्या. दिवाळीला ख्रिसमसच्या कार्डावर दोन ओळी, एवढंच राहिलं.

"का पण?" मी विचारलं.

"काय माहीत. तिची ड्युटी, तिचं विहार, जयंतीची धावपळ. मला वाटलं, तिला तिकडे जास्त आपलं वाटत असेल. मी विचारलं नाही गं. आपण कुठं असलं काही विचारतो?"

रविवारी दुपारी मी काकूंच्या डायनिंग टेबलाशी बसून जुने अंक वाचायला लागले. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि मध्येच "हे कोणी लिहिलंय? बरं लिहिलंय की" म्हणायचं. अध्यक्षांचं मनोगत मी एकदा नुसतं चाखून पाहिलं. त्यात 'सर्वांच्या सहकार्याने' इतक्या वेळा आलं होतं की मला जांभई आली. त्या काळात लोक काय खात होते, कशाला घाबरत होते, कोणावर हसत होते, हे काकांच्या पानावर एका अक्षरानं नाही. ते सगळं मागच्या पानावर.

मंडळ चर्चचा हॉल भाड्यानं घ्यायचं. फोडणी बसली की केअरटेकर खोकत यायचा आणि भर डिसेंबरात सगळ्या खिडक्या उघडून जायचा. मग साड्यांवर ओव्हरकोट चढवून मंडळी नाट्यगीतं ऐकायची. संपामुळे वीज जायची त्या हिवाळ्यात काकूंनी हळदीकुंकू मेणबत्त्या लावून केलं होतं, आणि एकीला कुंकवाऐवजी गालावर लावायचा रूज लावला, असं लिहिलंय. कोथिंबीर फक्त सायप्रसच्या माणसाच्या भाजीच्या दुकानात मिळायची. त्यालाही ठाऊक झालं होतं की साडीवरून स्वेटर घातलेली बाई आली की ती कोथिंबीरच मागणार. तो आधीच जुडी काढून ठेवायचा. चिवडा नाश्त्याच्या सीरियलचा करायचा. आता त्याचं असं झालंय की मंडळात कोणी पातळ पोह्यांचा चिवडा आणला तर इथली मुलं म्हणतात, हा रिअल चिवडा नाही.

भारतात फोन लावायचा म्हणजे आधी कॉल बुक करून वाट बघत बसायचं. काका घड्याळ घेऊन शेजारी उभे राहायचे. रडण्यात वेळ घालवायचा नाही, असा घरात नियम होता. काकूंनी लिहिलंय की रडू आलं की त्या फोन काकांच्या हातात द्यायच्या, आणि मग काका रडायचे.

एक लेख मला फार आवडला. बसमध्ये एक माणूस काकूंना ओरडून म्हणाला, घरी जा आपल्या. काकू म्हणाल्या, "तिकडेच निघालेय, एजवेअरला, पण तुमची ही बस हलेल तर ना." सगळी बस हसली, असं लेखात होतं. वाचता वाचता मीही हसले. काकू मात्र डोळे मिटून तशाच बसल्या होत्या.

"असं काही झालं नाही गं," त्या म्हणाल्या. "मी घाबरले. पुढच्या स्टॉपला उतरले आणि चालत घरी आले. काकांना पण सांगितलं नाही. हे उत्तर नंतर सुचलं, भांडी घासतानाच."

"मग लिहिलंत कशाला खोटं?"

"बाकीच्या बायकांना पण बसनंच जायचं असायचं ना. मी पळाले, असं वाचून त्यांना काय मिळालं असतं?"

मला ते पटलं. आजही पटतं. पण त्या दिवसापासून काकूंचं सदर मी जरा वेगळ्या कानानं ऐकायला लागले. सदर म्हणजे त्या काळाची खिडकी होती खरी, पण तिच्यातून काय दिसावं ते काकू ठरवत होत्या.

त्यानंतर हाती आला दिवाळी अंक. त्यात काकूंनी लिहिलं होतं की एजवेअरच्या एक बाई आहेत, हौशी आहेत आणि नेहमी घाईत असतात. मागच्या वर्षी मंडळाच्या दिवाळीला करंज्या करायच्या म्हणून त्या दुकानात गेल्या. मैद्याशेजारी एक पाकीट दिसलं, आत पांढरा पांढरा चुरा. बाईंना वाटलं, खोबऱ्याचा कीस. त्यांनी साखर, वेलदोडा घालून सारण केलं, करंज्या भरल्या आणि तळायला सोडल्या. कढईत एकेक करंजी पोकळ व्हायला लागली आणि घरभर कसलातरी उग्र वास सुटला. नवऱ्यानं पाकीट उचलून मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं की ते सूएट होतं. सूएट म्हणजे गुरांची चरबी. इथले लोक ती पुडिंगात घालतात. बाईंनी सगळ्या करंज्या बागेत पुरल्या. शेजाऱ्याच्या कुत्र्यानं त्या उकरून खाल्ल्या, आणि तेव्हापासून तो कुत्रा बाईंचा भक्त झाला.

मी टेबलावर डोकं टेकून हसत होते. मी फार्मसिस्ट, लेबलं वाचण्याचाच माझा धंदा, पण नवीन असताना मीही ते पाकीट हातात घेऊन परत ठेवलेलं होतं.

"काकू, हा पहिला वाचायचा," मी म्हटलं. "कोण हो ही बाई?"

"मीच की," काकू म्हणाल्या. "अध्यक्षांच्या घरात गुरांची चरबी तळली म्हटल्यावर काकांना राजीनामा द्यावा लागला असता. त्या वेळचे लोक तुला माहीत नाहीत. म्हणून म्हटलं एजवेअरच्या एक बाई."

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना आमंत्रणाचा फोन केला. मी त्यांना कधी भेटले नव्हते. आवाज खणखणीत होता, वॉर्डात शिस्त लावलेला. काकू ग्लासगोला चालल्यात हे ऐकून त्या म्हणाल्या की बरं झालं, पोरीजवळ राहील. कार्यक्रमाचं ऐकून म्हणाल्या, बघते, नक्की नाही सांगत. मग मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की काकूंचे जुने लेख वाचणार आहोत.

पलीकडे रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला.

"तो चरबीचा पण वाचणार का?" त्यांनी विचारलं.

"हो, तोच तर सगळ्यात मजेदार आहे."

"मजेदार," त्या म्हणाल्या. "एजवेअरमध्ये घरं किती होती आपली तेव्हा, ठाऊक आहे तुला? दोन. लेख एका घरून आलेला. राहिलं कोण?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढचं सिस्टरनीच सांगितलं. अंक घरोघरी गेला आणि लगेच दिवाळीचा कार्यक्रम आला. सिस्टरनी नाइट ड्युटी करून, न झोपता करंज्या केल्या होत्या. टेबलावर सगळ्यांचे डबे रिकामे झाले आणि त्यांचा भरलेला राहिला. कोणी काही बोललं नाही. सगळे गोड हसले, त्यांच्या डब्यावरून हात पुढे नेला आणि शेजारचा लाडू उचलला. त्यांनी तो डबा तसाच घरी आणला.

"मला काय वाटलं असेल, सांग," त्या म्हणाल्या. "तेव्हा अंक मी वाचला नव्हता, चरबीचं मनातसुद्धा नाही आलं. मला वाटलं, आपलं जुनंच कारण. माझ्या आजीला लोक वरून पाणी वाढायचे. माझा बाप त्यातून बाहेर पडला. मी तर समुद्र ओलांडून आले. आणि इथं चर्चच्या हॉलमध्ये, युनिफॉर्म बदलून आले तर परत तेच. मग संक्रांतीला एक बाई हसून म्हणाली, अगं मनावर घेऊ नको, चुकून कोणाच्याही हातून होतं. तेव्हा कळलं. मी सांगितलं, ती मी नाही. कोणी ऐकतंय? आणि तिनं लिहिलेलं होतं. जिच्या पोरीला मी माझ्या कुशीत झोपवलं तिनं."

"सिस्टर, ती बाई काकू स्वतः आहेत," मी म्हटलं. "मला कालच कळलं. त्यांना तुमचं हे काहीच ठाऊक नाही."

"काहून नाही ठाऊक?" नागपूर एकदम फोनमधून बाहेर आलं. "शेवटचं पान तीच लिहायची ना? सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं तिला."

फोन त्यांनीच ठेवला.

संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. सांगू नये असं एकदा वाटलं, पण मग कार्यक्रमाला सिस्टर का आल्या नाहीत हे कोणत्या तोंडानं सांगायचं? काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग उठल्या, भिंत धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि नसलेली भांडी घासायला लागल्या. नळ नुसता वाहत होता. मी तो बंद केला तेव्हा त्यांचे गाल ओले होते.

"मी स्वतःला वाचवलं गं," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याऐवजी कोण सापडलं ते पाहिलंसुद्धा नाही." थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "तुझी सुट्टी कधी? क्रॉयडनला जायचंय. आणि मैदा, रवा, खोबरं घे बरोबर. पाकीट नीट वाचून घे."

बुधवारी आम्ही निघालो. एजवेअरहून ट्यूबनं लंडन ब्रिज, तिथून ट्रेननं ईस्ट क्रॉयडन, मग ट्राम. काकूंना ट्राम फार आवडली. समोरचं दिसत नसल्यानं त्या कडेनं बघत होत्या आणि मला सांगत होत्या की इथल्या लोकांच्या बागा आपल्याकडच्यापेक्षा बऱ्या आहेत. मनातून त्या घाबरल्या होत्या. घाबरल्या की काकू बागांवर बोलतात.

सिस्टरनी दार उघडलं. उंच, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. "ये," एवढंच म्हणाल्या. हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि नातवंडांचे फोटो. त्यांनी चहा केला, आणि चहाबरोबर बिस्किटांचं न फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"सीलबंद आहे," त्या म्हणाल्या. "निर्धास्त खा."

असं वाक्य माझ्या वाट्याला आलं असतं तर मी पर्स उचलून निघाले असते. काकू हलल्या नाहीत. "मी बिस्किटं खायला नाही आले," त्या म्हणाल्या. "मला तुझ्या हातचं जेवायचंय."

"मी लोकांसाठी करणं सोडलं. घरच्यांपुरतं करते."

"बरं. मग मी करते. तू खाशील?"

सिस्टरनी बिस्किटांचं पाकीट उचलून बाजूला ठेवलं. काकूंनी ते हो धरलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात शिरल्या. समोरचं दिसत नव्हतं, पण हात चालत होते. मी पिशवीतून सामान काढलं. सिस्टर दारात खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसल्या. खोबऱ्याचं पाकीट बाहेर आल्याबरोबर त्यांनी हात पुढे केला, चष्मा चढवला आणि मागचं सगळं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून काढलं, अगदी कोरड्या जागी ठेवावे इथपर्यंत. मग पाकीट परत दिलं. मला हसू आवरेना. काकूंनाही, पण त्यांनी खोकल्यासारखं केलं.

काकूंनी मळलं, लाटलं, चाचपडत भरलं. मी तळलं. सिस्टर खुर्चीवरून सूचना देत होत्या. "पारी जाड झाली." "गॅस कमी कर." "ती फुटणार बघ." ती फुटली. एकदा त्या न राहवून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

पहिला घाणा निवला. काकूंनी ताटली पुढे केली, थोडी चुकीच्या दिशेला. सिस्टरनी ती आपल्याकडे वळवून घेतली. एक करंजी उचलून सावकाश खाल्ली. काकू कान देऊन ऐकत होत्या, कारण समोरचा चेहरा दिसत नव्हता.

"साखर कमी," सिस्टर म्हणाल्या, आणि दुसरी उचलली.

तेव्हा काकू बोलल्या. लिहिताना मला तू दिसली नाहीस, नंतर तुझा डबाही दिसला नाही. मी हॉलमध्ये मिरवत होते. चुकलं माझं. असं सरळ, एका दमात.

"माफी इथं काय मागतेस?" सिस्टर म्हणाल्या. "इथं मी आणि ही पोरगी. लिहिलंस सगळ्यांसमोर."

"स्टेजवर सांगते."

"सांग. पण आधी या करंज्या घेऊन जा आणि माझ्या नावानं टेबलावर ठेव. त्यांना खाऊ दे. मग सांग. चरबीमुळे खात नव्हते की दुसऱ्या कशामुळे, ते मला कधी कळलं नाही. दोन्ही असेल. आता एकदा बघायचंय मला."

कार्यक्रम हॅरोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. सेक्रेटरीनं प्रत्येक पदार्थापुढे कार्ड लावलं होतं. सिस्टरच्या नावाचं कार्ड तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मला विचारलं, "मावशी, ही कोण आहे? नवीन मेंबर?" सिस्टर अगदी शेवटच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. छान निळी साडी, शेजारच्या खुर्चीवर पर्स, आणि डोळे टेबलावर.

तरुण मंडळींनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आली आणि करंज्या उचलून गेली. मुलं दोन-दोन घेऊन पळाली. जुन्या लोकांपैकी एका आजोबांनी चष्मा वर करून नाव वाचलं, जरा थांबले आणि एक घेतली. खाऊन झाल्यावर दुसरी घेतली. एक बाई मात्र कार्ड वाचून पुढे सरकल्या. मी मुद्दाम आग्रह केला तर म्हणाल्या, "डायबेटिस आहे गं." असेलही. पण त्यांच्या ताटलीत दोन गुलाबजाम होते, आणि त्यांच्या डायबेटिसच्या गोळ्या माझ्याकडून जात नाहीत, तेव्हा खरंखोटं मला ठाऊक नाही.

मग काकू स्टेजवर गेल्या. मी कागद घेऊन शेजारी उभी राहिले, पण त्यांना माझी गरज पडली नाही. त्यांनी गोष्ट तोंडपाठ सांगितली. फक्त 'एजवेअरच्या एक बाई' असं होतं तिथं 'मी' म्हणाल्या. मी दुकानात गेले. मी पाकीट उचललं. कुत्रा माझा भक्त झाला. हॉल हसून लोटपोट झाला. सेक्रेटरी तर जमिनीवर बसली.

हसू ओसरल्यावर काकू म्हणाल्या, "तेव्हा मी माझं नाव लपवलं. एजवेअरमध्ये आपली घरं दोनच होती. तुम्ही सगळ्यांनी दुसरं घर धरलं, आणि सिस्टरचा भरलेला डबा तुमच्यासमोरून परत गेला. त्यात माझा हात होता. आणि आपल्या काही जणांना तो डबा नको म्हणायला एवढंसं निमित्तच हवं होतं, हेही मला आता कळतंय. आपण स्वतःला फार सुधारलेले समजायचो. मी तसं पुष्कळदा लिहिलंय. ते खोडून काढते."

काकांच्या वेळचे दोघं-तिघं आपापल्या बुटांकडे बघत होते. मग ते आजोबा उठून टाळ्या वाजवायला लागले आणि बाकीचे उठले. काकू माझा हात धरून खाली उतरल्या आणि थेट शेवटच्या रांगेकडे निघाल्या. वाटेत दोन खुर्च्यांना धडकल्या, पण थांबल्या नाहीत.

आमच्या आधी तिथं डायबेटिसवाल्या बाई पोचल्या होत्या. हातात रुमालावर अर्धी करंजी. कुठून मिळवली कोण जाणे, ताट तर केव्हाच रिकामं झालं होतं. "छान झाल्यात हो तुमच्या करंज्या," त्या चाचरत म्हणाल्या.

सिस्टरनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "त्या माझ्या नाहीत," त्या म्हणाल्या. "हिनं केल्यात. माझ्या इतक्या जाड नसतात."

"मग तुमच्या कधी खायला मिळणार?"

सिस्टरनी पर्स उघडली, बंद केली. मग म्हणाल्या, "या क्रॉयडनला. फोन करून या."

"आणि मी?" काकूंनी विचारलं. त्या सिस्टरच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होत्या, कारण तिथूनच त्यांना तो दिसतो.

"तुला कशाला फोन लागतो?" सिस्टर म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून त्यांनी जागा करून दिली.